अंगठा कधी दाबायचा, कधी सोडायचा: उडत्या पक्ष्यांसाठी बॅक बटण फोकस

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेरा निकॉन डी७५००, लेन्स २००-५०० एफ/५.६. बसलेले पक्षी चांगले येत होते, उडते येत नव्हते. कुणीतरी बॅक बटण फोकस सुचवलं, म्हणून शटर बटणावरचा फोकस काढून मागच्या बटणावर घेतला. तीन आठवडे झाले. उडते पक्षी अजून धूसरच, आणि आता बसलेलेही बिघडायला लागलेत. भिगवणला (उजनी जलाशयाकाठचं पाणपक्ष्यांचं ठिकाण) होडीतून सहाशेच्या वर फ्रेम काढल्या, त्यात कामाच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जुन्या पद्धतीवर परत जाऊ का?

माझं उत्तर: परत जाऊ नका, पण पुढचे दोन-तीन आठवडे भिगवणलाही जाऊ नका. कारण खाली येईल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बॅक बटणामुळे फोकस वेगवान होत नाही आणि अचूकही होत नाही. लेन्समधली मोटर तीच, कॅमेऱ्यातले ५१ फोकस बिंदू तेच. बदलतं एवढंच की शटर बटणाकडे असलेली दोन कामं वेगळी होतात. फोकस अंगठ्याकडे जातो, फोटो तर्जनीकडे राहतो. म्हणजे तुमच्या हातात एक नवीन निर्णय येतो: अंगठा कधी दाबायचा आणि कधी उचलायचा. हा निर्णय हातात मुरेपर्यंत फोटो पहिल्यापेक्षा वाईटच येतात. तीन आठवड्यांत बिघाड दिसला याचं मला नवल वाटत नाही. मात्र तुमच्या वर्णनावरून निम्मा दोष फोकसचा नसावा असंही वाटतं. म्हणून पहिलं काम, धूसर फोटोंची वर्गवारी.

त्या सहाशे फ्रेममधल्या कुठल्याही पन्नास घ्या आणि निकॉनच्या एनएक्स स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. त्यात फोकस बिंदू दाखवायची सोय आहे, ती चालू करा आणि शंभर टक्क्यांवर पाहा. बिंदू पक्ष्यावर नसून मागच्या बाभळीवर आहे आणि बाभूळ खणखणीत शार्प आहे, तर ती चूक हाताची. बिंदू पक्ष्यावर आहे, पण पक्ष्याच्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसतात, तर शटरचा वेग कमी पडला किंवा पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं, अडखळलं, फोकसचा संबंध नाही. बिंदू पक्ष्यावर आहे आणि फ्रेममध्ये काहीच शार्प नाही, सगळं लोण्यासारखं मऊ, तर अंगठा दाबलाच गेला नव्हता किंवा मध्येच सुटला होता. आणि चौथा प्रकार भिगवणला नेहमी सापडतो: कडा वितळल्यासारख्या, पिसांच्या रेषा लाटांसारख्या हललेल्या. तो हवेचा दोष. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, आणि १०० मीटरवरचा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) कुठल्याही कॅमेऱ्यात शार्प येत नाही. सकाळी दहानंतरच्या दूरच्या फ्रेम या हिशेबातून सरळ वगळा.

ही वर्गवारी केल्याशिवाय सेटिंग बदलत बसलात तर ताप कशाचा हे न बघता गोळ्या बदलल्यासारखं होईल.

आता थोडं गणित. अंगठ्याचं महत्त्व त्यातूनच कळतं. ५०० मिमी, एफ/५.६ आणि तुमच्या आकाराचा सेन्सर. १० मीटरवर फोकस केला तर शार्प दिसणारी खोली जेमतेम ९ सेंटिमीटर. २० मीटरवर ३६ सेंटिमीटर. ४० मीटरवर साधारण १.४ मीटर. घारीच्या पसरलेल्या पंखांची लांबी दीड मीटरच्या आसपास असते. म्हणजे तिरकी वळणारी घार २० मीटरवर असेल तर तिचा डोळा आणि दोन्ही पंखांची टोकं एकाच वेळी शार्प येणारच नाहीत. तो तुमचा दोष नाही. डोळा आणि चोच शार्प असली की फ्रेम पास.

आता वेग. पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने तुमच्याकडे येतोय असं धरा. डी७५०० सेकंदाला आठ फ्रेम काढतो. म्हणजे एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत पक्षी सव्वा मीटर पुढे सरकलेला असतो आणि २० मीटरवर शार्प खोली आहे ३६ सेंटिमीटर. बर्स्ट, म्हणजे सलग फ्रेमचा मारा, चालू असताना अंगठा एका फ्रेमपुरता जरी उचलला गेला, तरी पुढची फ्रेम हातातून गेली. शटर बटणावर फोकस होता तेव्हा ही चूक होऊच शकत नव्हती, कारण फोटो काढायला बोट दाबलेलंच लागायचं. म्हणून नव्या पद्धतीचा पहिला नियम: उडता पक्षी फ्रेममध्ये आहे आणि तर्जनी चालू आहे, तोवर अंगठा खाली. तर्जनी थांबली तरी अंगठा खाली. सवय नसलेल्या हाताची सर्वांत सामान्य चूक म्हणजे तर्जनी दाबताना अंगठा आपोआप ढिला पडतो. दोन बोटांना वेगवेगळं काम शिकवणं म्हणजे तबल्यावर डावा-उजवा वेगळा करण्यासारखं आहे. समजून येत नाही, घोटूनच येतं.

सेटिंगकडे वळू. डी७५०० वर एएफ-ऑन नावाचं स्वतंत्र बटण नाही. व्ह्यूफाइंडरच्या उजवीकडचं एई-एल/एएफ-एल बटण हेच काम करतं. कस्टम सेटिंगमधल्या कंट्रोल्स विभागात जाऊन त्या बटणाला एएफ-ऑन नेमून द्या. एवढं केलं की शटर बटण फोकस करायचं आपोआप थांबतं, वेगळं काही बंद करावं लागत नाही. हे तुम्ही केलंच असणार, तरी दोन गोष्टी तपासा. एक, फोकस मोड एएफ-सी, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत सतत फोकस करत राहणारा, आहे ना. समोरून लेन्सच्या बुडाशी असलेलं बटण दाबून मागची डायल फिरवली की मोड बदलतो आणि पुढची डायल फिरवली की एरिया, म्हणजे कुठले बिंदू वापरायचे ते, बदलतो. गडबडीत तिथे एएफ-एस लागलेला असेल तर अंगठा कितीही दाबून ठेवा, फोकस एकदा बसून थिजतो; एएफ-ए असेल तरी थिजू शकतो. बॅक बटण जमत नाही अशा कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं. दोन, लेन्सवरची फोकस मर्यादेची कळ ‘फुल’वरून ६ मीटर ते अनंत यावर करा. उडता पक्षी सहसा ६ मीटरच्या आत येत नाही, आणि आकाशात चुकून बिंदू रिकामा पडला तर लेन्सला २.२ मीटरपर्यंत भटकून परत यावं लागत नाही.

एरिया मोडबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं. मोकळ्या आकाशातल्या एकट्या पक्ष्यासाठी ग्रुप एरिया, हे माझं. चार ठिपक्यांचा तो समूह जे जवळ आहे ते धरतो आणि आकाशात पक्ष्याशिवाय जवळ दुसरं काही नसतं. पण पाणथळीत पक्षी गवताच्या किंवा लाटांच्या अगदी लगत उडत असेल तर तोच गुण दोष ठरतो, कारण जवळचं गवत आधी पकडलं जातं. तिथे नऊ बिंदूंचा डायनॅमिक बरा, ज्यात पक्षी निवडलेल्या बिंदूवरून घसरला तर शेजारचे बिंदू मदतीला येतात. ५१ बिंदूंचा डायनॅमिक आणि थ्रीडी शिकताना नको. चूक झाली तर ती तुमची की कॅमेऱ्याची हे कळत नाही. उडत्या पक्ष्यासाठी बिंदू मधलाच ठेवा. मधल्या भागातले १५ बिंदू क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे, आहेत आणि एफ/५.६ लेन्सवर त्यांच्यावरच भिस्त ठेवलेली बरी.

लॉक-ऑन नावाची सेटिंग सध्या आहे तशी, मधल्या ३ वर राहू दे. बिंदू क्षणभर पक्ष्यावरून घसरला तर कॅमेऱ्याने किती वेळ वाट पाहून नवीन वस्तू पकडायची, हे ती ठरवते. मागे झाडी असेल तर ४ चा फायदा होतो. पण हा फरक अंगठा बसल्यावरच जाणवतो.

एक्स्पोजरचं डोक्यातून काढून टाका. मॅन्युअल मोड, शटर १/२०००, एफ/५.६, ऑटो आयएसओ आणि कमाल ३२००. उजळ आकाशासमोर घार असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १, गडद झाडीसमोर पांढरा बगळा असेल तर उणे ०.७ किंवा १. ऑटो आयएसओ चालू असताना मॅन्युअल मोडमध्येही हे कॉम्पेन्सेशन चालतं. एई-एल बटण आता फोकसला गेल्यामुळे एक्स्पोजर लॉक करायची सोय गेली, पण या मांडणीत तिची फारशी उणीव भासत नाही. फारच अडलं तर पुढच्या एफएन बटणावर नेमता येते.

१/२००० कशासाठी? ३० मीटरवरून आडवा जाणारा पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाचा असेल आणि कॅमेरा अजिबात हलवला नाही, तर १/२००० मध्ये पक्षी ५ मिलिमीटर सरकतो. तुमच्या सेन्सरवर ते सुमारे २० पिक्सेल होतात. १/५०० ला ८० पिक्सेल. शटर एकटा पुरा पडत नाही, पॅनिंगने त्यातला बराचसा भाग खाऊन टाकावा लागतो. म्हणून बर्स्ट संपला तरी कॅमेरा लगेच थांबवायचा नाही, पक्ष्याबरोबर थोडा पुढे जाऊ द्यायचा. गोलंदाज चेंडू सोडल्यावर हात जागच्या जागी आखडत नाही, तसं.

आता ज्यामुळे तुमचे बसलेले पक्षी बिघडले असावेत असा माझा दाट संशय आहे तो मुद्दा. निकॉनच्या या कॅमेऱ्यांत लेन्समधली कंपनरोधक व्यवस्था, म्हणजे व्हीआर, शटर बटण अर्धं दाबल्यावर जागी होते. मागच्या बटणाने होत नाही. पूर्वी तुम्ही अर्धं दाबून फोकस करत होता, तेव्हा व्हीआर आपोआप सुरू होऊन स्थिरावायला वेळ मिळत होता. आता अंगठ्याने फोकस होतो, तर्जनी लांबच राहते आणि क्षण आला की एकदम ठोसा बसतो. व्हीआर त्याच क्षणी जागं होतं, चित्र किंचित उडी मारतं, शिवाय ठोशाने सगळा कॅमेराच हलतो. तीन किलोचा ऐवज आहे हा: लेन्स कॉलरसकट २,३०० ग्रॅम, बॉडी बॅटरीसह ७२०. बसलेल्या पक्ष्यासाठी तुम्ही १/५०० किंवा १/६४० वापरत असाल तर हा फरक फोटोत दिसतोच.

उपाय सोपा आहे. अंगठ्याने फोकस सुरू केला की तर्जनी शटरवर अर्धी दाबून तिथेच टेकवायची. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगत स्थिर झालेलं डोळ्याला कळतं, मग दाबायचं. टोचायचं नाही, रबराचा गोळा चेपल्यासारखं दाबायचं. उडत्या पक्ष्यांसाठी व्हीआर ‘स्पोर्ट’वर ठेवा. ‘नॉर्मल’ पॅनिंग करताना चित्राला मागे ओढल्यासारखं वाटतं. १/२००० च्या वर व्हीआर पूर्ण बंद ठेवणारेही आहेत, तेही चूक नाहीत. पण शिकताना व्ह्यूफाइंडर स्थिर दिसला तर पक्षी पकडून ठेवणं सोपं जातं.

बसलेल्या पक्ष्यांसाठी दुसरी सवय बदला. बॅक बटणाबद्दल सगळीकडे सांगतात की दाबा, फोकस बसला की सोडा, हवी तशी फ्रेम करा. ट्रायपॉडवर हे ठीक आहे. पण हातात तीन किलो धरून उभा असलेला माणूस श्वासाबरोबर पुढेमागे डुलतो, आणि १० मीटरवर तुमच्याकडे आहेत ९ सेंटिमीटर. अंगठा सोडून पाच सेकंद वाट पाहिलीत तर पक्षी न हलताही फोकसच्या बाहेर जाऊ शकतो. म्हणून बसलेल्या पक्ष्यावरही अंगठा दाबलेला ठेवा आणि बिंदूच डोळ्यावर सरकवा. सोडायचा फक्त तेव्हा, जेव्हा समोर एखादी काडी किंवा गवताचं पातं आडवं येऊन फोकस खेचून घेतंय.

मग अंगठा सोडण्याचा खरा फायदा कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, लांबून येणारा पक्षी. तो अजून १०० मीटरवर आहे, फ्रेममध्ये ठिपक्याएवढा. इथे अंगठा सतत दाबून ठेवला की बिंदू जरा घसरला तरी कॅमेरा मागचा डोंगर पकडतो आणि परत यायला तयार होत नाही. त्याऐवजी टिचकी मारल्यासारखा दाबा-सोडा करत राहा, साधारण सेकंदाला एकदा. प्रत्येक टिचकीने फोकस पक्ष्याच्या आसपास आणून ठेवला जातो. पक्षी फ्रेमच्या निदान पाव भागाएवढा झाला की अंगठा खाली आणि मग उचलायचा नाही. कधी वाट पाहायची आणि कधी धरून ठेवायचं, हा बदल हाताला कळला की या पद्धतीचा निम्मा फायदा पदरात पडला.

दुसरं, फोकस मागे पळाल्यावर. अंगठा तसाच दाबून ‘येईल परत’ म्हणत थांबू नका, तो येत नाही. कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्याने काम चोख केलंय, झाड शार्प आहे. अंगठा पूर्ण उचला, बिंदू पक्ष्यावर आणा, पुन्हा दाबा. शटर बटणाने फोकस करतानाही हे करता येतं, पण तिथे बोट उचललं की बर्स्ट तुटतो आणि पुन्हा दाबताना नको तेव्हा फोटो निघतो.

तिसरं ठिकाण माझ्या मते सर्वांत मोलाचं: वेडा राघू. हवेतल्या वेड्या राघूच्या मागे कॅमेरा फिरवणं हा वेळेचा अपव्यय आहे. त्याच्या गिरक्या कुठल्याही अंगठ्याला झेपत नाहीत. पण तो माशी पकडून बहुतेक वेळा त्याच तारेवर, त्याच फांदीवर परत येतो. फांदीवर फोकस करा, अंगठा उचला आणि विसरून जा. फ्रेम थोडी मोकळी ठेवा, ज्या बाजूने तो येतो तिकडे जास्त. आता तर्जनी दाबली तरी फोकस हलणार नाही, कारण तर्जनीचा फोकसशी संबंधच उरलेला नाही. तो येताना दिसला की बर्स्ट. शार्प पट्टा ९ सेंटिमीटरचाच असल्यामुळे तो तुमच्यासमोरून आडवा उतरेल अशा बाजूला उभं राहायचं. पक्षी वाऱ्याच्या तोंडी उडतात आणि वाऱ्याच्या तोंडीच उतरतात, त्यामुळे फांदीकडे पाहताना वारा तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्यावर लागेल अशी जागा शोधा. अशा वेळी शटर १/३२०० किंवा त्याहून वर. खंड्या, कोतवाल यांच्यासाठीही हीच युक्ती.

घारी-बगळ्यांसाठी मात्र वारा आणि कोवळं ऊन दोन्ही पाठीशी हवं. मग पक्षी तुमच्याकडे तोंड करून, डोळ्यात उजेड घेऊन येतो. दोन्ही जुळत नसतील तर मी उजेड निवडेन.

पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडतच नाही, ही तक्रार तुम्ही लिहिली नाहीत, पण असणार. ५०० मिमीला ३० मीटरवर फ्रेमची रुंदी फक्त १.४ मीटर असते. २०० ला साडेतीन मीटर. म्हणून लेन्स २०० ते ३०० वर ठेवून पक्षी शोधा, अंगठ्याने धरा, मग झूम करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधीचा अंदाजी फोकस. लेन्स ७ मीटरवर अडकलेली असेल आणि पक्षी ४० वर असेल, तर तो व्ह्यूफाइंडरच्या मधोमध असूनही दिसत नाही, इतका विरघळलेला असतो. पक्षी यायच्या आधी तेवढ्याच अंतरावरचा बांध, खांब, झाड, काहीही घेऊन अंगठ्याने एकदा फोकस करून ठेवा. जागा बदलली की पुन्हा. आणि कॅमेरा डोळ्याला लावून पक्षी शोधायचा नाही. नजर पक्ष्यावरच ठेवून कॅमेरा डोळ्यापर्यंत आणायचा. आधी लेन्सचं टोक, नंतर डोळा.

सराव कशावर करायचा? पहिला आठवडा पक्षी नकोतच. गच्चीवरून किंवा रस्त्याकडेला सुरक्षित उभं राहून समोरून येणाऱ्या एसटी बसवर करा. बस रेषेत येते, वेग समजतो आणि काचेवरच्या पाटीची अक्षरं फोकसचा निकाल लगेच सांगतात. अंगठा खाली, तर्जनीने तीन फ्रेम, थांबा, अंगठा खालीच, पुन्हा तीन. घरी येऊन पाहा: तिसऱ्या-चौथ्या फ्रेमनंतर अक्षरं मऊ होत असतील तर अंगठा सुटतोय. रोज वीस मिनिटं पुरेत. तीन किलो उचलून त्याहून जास्त केलं की हात थरथरतो आणि चुकीची सवय घोटली जाते. डावा तळवा लेन्सच्या खाली, कोपर बरगडीला टेकलेलं, वळायचं ते कमरेतून.

दुसऱ्या आठवड्यात बगळे. संध्याकाळी गायबगळे रातथाऱ्याकडे ओळीने, एकाच वाटेने, एकाच वेगाने जातात. इतका सोयीचा मास्तर दुसरा नाही. पाणकावळेही तसेच. मग घारी: मासळी बाजार, कत्तलखाना, कचरा डेपो, जिथे त्या घिरट्या घालतात तिथे. घिरटी घालणारी घार ठरावीक जागी परत येते, त्यामुळे चुकलं तरी मिनिटाभरात दुसरी संधी मिळते. कोकण किंवा गोव्याच्या बाजूला असाल तर जेटीवरची ब्राह्मणी घार त्याहून देखणी. पारवे या टप्प्यावर नकोत, फार चपळ. पाकोळ्यांचं तर नावच काढू नका.

त्यानंतर भिगवण. तिथेही आधी चित्रबलाक. मोठा, संथ, लांबून दिसतो. मग कुरव, शेवटी नदी सुरय. होडीत उभं राहू नका. बसल्याने होडीचा डोल कमी लागतो आणि पाण्यालगतचा कोन मिळतो. होडी डुलते तेव्हा अंतरही सतत बदलतं, म्हणून होडीत अंगठा उचलून ठेवण्याची कुठलीही युक्ती चालत नाही. वेड्या राघूची फांदीही होडीतून नाही. तुमच्या सहाशे फ्रेमचं निम्मं उत्तर बहुधा यात आहे: नवी पद्धत, डुलती होडी आणि दहानंतरचं ऊन, तिन्ही एकाच सकाळी. आणि रोहितांचा थवा उडावा म्हणून नावाड्याला होडी जवळ घालायला सांगू नका. फोटोत फक्त पळणाऱ्या पाठी येतात, शिवाय खाणं सोडून उडायला लावल्याची किंमत पक्षी मोजतात.

एवढं करूनही बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर असताना फोकस दरवेळी एकाच बाजूला, सतत पुढे किंवा सतत मागे पडत असेल, तरच लेन्स आणि बॉडीच्या जुळणीवर शंका घ्या. ट्रायपॉड, १५ मीटरवर भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्र, एकदा व्ह्यूफाइंडरने आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, फोकस करून पाच-पाच फ्रेम. लाइव्ह व्ह्यूच्या सातत्याने चांगल्या आल्या तर मेनूतलं एएफ फाइन ट्यून वापरा. कधी पुढे, कधी मागे असं असेल तर फाइन ट्यूनला हात लावू नका. स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून ही चाचणी पुन्हा करा.

दुसरे कॅमेरे वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. कॅननच्या १५००डीसारख्या मॉडेलमध्ये एएफ-ऑन नाही, तिथे चांदणीचं बटण वापरतात. कस्टम फंक्शनमध्ये शटर आणि एई लॉक बटणाचे पर्याय आहेत, त्यातला ३ क्रमांकाचा घ्या. पर्याय १ नेही फोकस मागे जातो, पण अर्ध्या दाबाने एक्स्पोजर लॉक होतो आणि उडता पक्षी उजेडातून सावलीत गेला की फसगत होते. सोनीत ‘एएफ विथ शटर’ बंद करावं लागतं, नाहीतर दोन्ही बटणं फोकस करत राहतात. पक्षी आणि डोळा ओळखणाऱ्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत बॅक बटणाचा उपयोग थोडा बदलतो. तिथे एका बटणावर रुंद क्षेत्र आणि ओळख, तर दुसऱ्यावर एकच लहान बिंदू अशी जोडी लावतात. फांद्यांच्या गर्दीत ओळख गडबडली की अंगठा शेजारच्या बटणावर सरकवायचा.

पद्धत सोडून द्यावी असं कधी? तुम्ही फक्त उडते पक्षीच काढत असाल, बसलेले किंवा फांदीवरचे कधीच नाही, तर एएफ-सी लावून शटर बटणानेही तितकेच चांगले फोटो येतात, आणि तसे काढणारे उत्तम छायाचित्रकार आहेत. अंगठ्याच्या सांध्याला दुखणं असेल तर हट्ट नको. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांचा अंगठा या कॅमेऱ्यावर नाकाशी आणि चष्म्याशी भांडतो. त्यांनी महिनाभर करून पाहावं आणि जमत नसेल तर खुशाल सोडावं. तुम्ही बसलेले, उडते, परतणारे सगळेच काढता, म्हणून तुम्हाला मी राहा म्हणतोय. फक्त एकाच वेळी दोन्ही पद्धती वापरू नका. सोमवारी ही, रविवारी ती असं केलं की हात कुठलीच शिकत नाही.

ही सगळी मांडणी मोड डायलवरच्या यू२ वर साठवून ठेवा आणि यू१ वर साधी, शटरने फोकस होणारी. घरच्या कार्यात कुणी काका-मामा ‘जरा दे रे, एक ग्रुप फोटो काढतो’ म्हणाले, तर डायल यू१ वर फिरवूनच कॅमेरा हातात द्या. त्यांना मागच्या बटणाची कल्पना नसते, आणि एएफ-सीमध्ये कॅमेरा फोकस नसतानाही मुकाट्याने फोटो काढत जातो.